येंदर, तालीम आणि दाग : काश्मिरी शालीमागील घरांचा इतिहास

मराठीत एखाद्याला सभ्य शब्दांत टोला लगावला, तर ‘शालजोडीतला दिला’ असे म्हणतात. समारंभात शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्याची पद्धत तर महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजातही सर्वपरिचित आहे. भाषेतील हा प्रयोग आणि सत्काराची ही पद्धत, दोन्हींवर जुन्या दरबारी रिवाजाची सावली आहे. पेशवाईत सरदार, वकील, शास्त्री यांना मानाचा पोशाख देताना शालजोडीला वरचे स्थान असे. मराठी संस्थानांच्या दरबारांनी आणि हैदराबादच्या निजामशाहीनेही शालीचा हा मान पुढे चालविला. या शालींतील सर्वांत मोलाची शाल काश्मीरची समजली जाई.

शालीचा इतिहास बहुधा ती पांघरणाऱ्याच्या खांद्यापासून सांगितला जातो. कोणत्या बादशहाला ती आवडली, कोणत्या सम्राज्ञीने ती फॅशन केली, युरोपात तिची किंमत किती झाली, हे तपशील अनेक ग्रंथांत सापडतात. तिचे सूत ज्या घरात निघाले आणि तिचा माग ज्या खोलीत चालला, तेथील माणसे मात्र या कथनात क्वचित दिसतात. या माणसांकडून इतिहास पाहावयाचा तर काश्मिरी शालव्यवसायातील तीन शब्द उपयोगी पडतात : येंदर, म्हणजे सूत कातण्याचा चरखा, तालीम, म्हणजे नक्षीचा सांकेतिक कागद, आणि दाग, म्हणजे शालीवर उमटविला जाणारा सरकारी शिक्का. पहिल्या दोन शब्दांत घराजवळ असलेले ज्ञान आहे. तिसऱ्या शब्दात त्या ज्ञानाचे मोल घराबाहेर कसे गेले, याची हकीकत आहे.

शालीची कीर्ती

काश्मीरमध्ये शालविणकाम नेमके केव्हा सुरू झाले याविषयी अनेक परंपरा आहेत. कोणी त्याचे श्रेय चौदाव्या शतकातील सूफी संत हजरत मीर सय्यद अली हमदानी यांना देतात, तर कोणी पंधराव्या शतकातील सुलतान जैनुल आबिदीन यांना. या परंपरांतून एवढे निश्चित दिसते की, हुन्नर आणि विद्या यांना आश्रय देणाऱ्या व्यक्तींशी काश्मिरी समाजाने आपल्या विणकामाचे नाते जोडले आहे.

अकबराच्या काळापासून लेखी पुरावा अधिक स्पष्ट होतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त शालीवर स्वतंत्र प्रकरण आहे. बादशहाने शालीला ‘परम-नर्म’ असे नाव दिले, तिचे रंग वाढविले आणि दोन शाली जोडून पांघरण्याची रीत रूढ केली, असे त्यात म्हटले आहे. ‘दोशाला’ आणि मराठी ‘शालजोडी’ या शब्दांचा अर्थ येथे उलगडतो. लाहोरमध्ये शालींचे एक हजारांहून अधिक कारखाने होते, अशीही नोंद अबुल फजलने केली आहे.

औरंगजेबाच्या काळात, १६६५ च्या सुमारास, काश्मीर पाहिलेला फ्रेंच प्रवासी बर्निये यानेही शालींचे वर्णन केले आहे. पाटणा, आग्रा, लाहोर येथे तशाच शाली विणण्याचे प्रयत्न झाले, परंतु काश्मीरचा मऊपणा त्यांत उतरला नाही, असे तो लिहितो. त्याचे कारण म्हणून तो काश्मीरच्या पाण्याकडे बोट दाखवितो. पाण्याचा भाग असेलही. परंतु काश्मीरच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले कौशल्य हे त्याहून मोठे कारण होते.

येंदर : कातणाऱ्या स्त्रिया

शालीचा कच्चा माल काश्मीर खोऱ्यात निर्माण होत नाही. लडाखमधील चांगथांग आणि त्याला लागून असलेला पश्चिम तिबेटचा उंच, कडाक्याच्या थंडीचा प्रदेश हे त्याचे मूळ. तेथील शेळ्यांच्या जाड केसांखाली हिवाळ्यात अतिशय बारीक मऊ लव येते. हाच पश्म होय. वसंत ऋतूत ही लव सुटू लागली की मेंढपाळ ती फणीने विंचरून काढतात. तिच्या तंतूची जाडी साधारण १२ ते १६ मायक्रॉन असते. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. १६८४ मध्ये लडाख व तिबेट यांच्यात झालेल्या तिंगमोसगांग येथील तहानंतर पश्चिम तिबेटचा पश्म लडाखमार्गे काश्मीरलाच जावा, अशी व्यवस्था दृढ झाली. काश्मीरच्या मागांचे भवितव्य पुढे दीर्घकाळ या व्यापारी वाटेवर अवलंबून राहिले.

श्रीनगरच्या बाजारात आलेला पश्म प्रथम स्त्रियांच्या हाती जाई. त्यात जाड केस, धूळ आणि चिकटपणा मिसळलेला असे. जाड केस बोटांनी एकेक करून वेगळे करावयाचे, मग भिजविलेल्या तांदळाचे पीठ त्यात चोळून तेलकटपणा काढावयाचा आणि नंतर फणीवर तंतू सरळ करून येंदरवर कातावयाचा, असा क्रम होता. हाताला किंचितही जास्त ताण बसला तर तंतू तुटतो. ताण कमी पडला तर सूत जाड येते. हा अंदाज हाताला सवयीनेच येतो. मुली तो आई आणि आजीजवळ बसून शिकत.

विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी १८२२-२३ मध्ये काश्मीरमध्ये राहिला. त्याच्या मृत्यूनंतर १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात शालव्यवसायाचे अत्यंत बारकाईने केलेले वर्णन आहे. त्याच्या अंदाजानुसार सुमारे एक लाख स्त्रिया या कामात होत्या आणि मुली दहाव्या वर्षापासून कातू लागत. घरकाम सांभाळून स्त्रिया पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत, दिव्याच्या तेलाला पैसे नसले तर चांदण्यातही, कातत असत. एवढे करून महिन्याकाठी हाती पडणारी रक्कम अगदी थोडी असे. कातणारी स्त्री पश्म उधार किंवा रोखीने घेई आणि सूत व्यापाऱ्याला विकी. पश्माचा भाव आणि सुताचा भाव या दोन्हींवर तिचा काहीच अधिकार नव्हता.

शालीचा तलमपणा मागावर येत नाही, तो येंदरवर येतो. विणकर कितीही निष्णात असला तरी जाड सुताची तलम शाल त्याला विणता येणार नाही. असे असूनही शालीच्या इतिहासात नक्षीकारांचा व कारखानदारांचा उल्लेख सापडतो आणि कातणारी स्त्री केवळ एका आकड्यात उरते. त्या एक लाखांपैकी एकीचेही नाव मूरक्रॉफ्टच्या वर्णनात येत नाही.

तालीम : मागावर वाचला जाणारा कागद

मराठीत ‘तालीम’ म्हटले की आखाडा किंवा नाटकाचा सराव आठवतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. काश्मीरच्या मागावर याच शब्दाला आणखी एक अर्थ मिळाला. कोणत्या रंगाची कणी ताण्याच्या किती धाग्यांतून न्यावयाची, हे ओळीओळीने सांगणाऱ्या सांकेतिक लेखनाला तेथे तालीम म्हणतात.

कणी शालीची वीण साध्या विणकामाहून वेगळी असते. साध्या कापडात धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. कणी शालीत नक्षीच्या भागात बाणा असा सलग जात नाही. प्रत्येक रंगाचे सूत एका लहान लाकडी काडीवर गुंडाळलेले असते. हीच कणी किंवा तुजी. तो रंग नक्षीत जेवढ्या जागी हवा तेवढ्याच धाग्यांभोवती ती कणी फिरविली जाते आणि शेजारच्या रंगाच्या सुतात तिचे सूत अडकविले जाते. मूरक्रॉफ्टने पाहिलेल्या मागांवर ताण्याचे दोन ते तीन हजार धागे असत आणि भरगच्च नक्षीसाठी ४०० ते १५०० कण्या लागत. शालीची सुलट बाजू खाली राही. म्हणजे आपण काढीत असलेले फूल विणकराला विणताना दिसत नसे.

तेव्हा त्याला मार्ग दाखवी ती तालीम. प्रथम नक्काश कागदावर आकृती रेखाटी. मग तराह-गुरू त्या आकृतीकडे पाहून खालच्या ओळीपासून रंग आणि धाग्यांची संख्या मोठ्याने सांगे. तालीम-गुरू ते खुणांच्या लिपीत उतरवून घेई. या कागदाच्या प्रती मागामागावर जात आणि उस्ताद त्या वाचून दाखवी. ज्याला पुस्तक वाचता येत नव्हते असा विणकरही तालीम ऐकून त्याप्रमाणे बोटे चालवी. रेखाटन, वाचन, लेखन आणि विणकाम असे एकाच नक्षीचे चार अवतार होत असत. नक्षीचे गणित माणसामाणसांत वाटलेले होते. संपूर्ण शाल एकट्या कोणालाच करता येत नव्हती.

हे काम कोठे चाले, हेही पाहिले पाहिजे. ‘कारखाना’ या शब्दाने आज यंत्रांची शेड डोळ्यांपुढे येते. शालीचा कारखाना म्हणजे बहुधा कारखानदाराच्या घरातील लांबट, बुटक्या खोल्या. कोठे दोन-तीन माग, तर मोठ्या कारखानदाराकडे शंभरांवर. साधी, नक्षी नसलेली शाल विणणाऱ्यांचे माग त्यांच्या स्वतःच्या घरी असत. नक्षीच्या मागावर दोन-तीन माणसे शेजारी शेजारी बसत. अतिशय बारीक कामाच्या शालीत तीन माणसांनी दिवसभर विणल्यावर पाव इंचाहून अधिक वीण पुढे सरकत नसे. एकाच मागावर अशी शाल पुरी व्हावयास दीड वर्षाहून अधिक काळ लागे. म्हणून पुढे एकाच शालीचे तुकडे निरनिराळ्या मागांवर विणून घेण्याची पद्धत पडली. रफूगर ते तुकडे अशा कौशल्याने जोडी की, सांधा शोधूनही सापडू नये. मजुरीचा हिशेब कण्यांच्या फेऱ्यांवर होई. शंभर कण्या एकेकदा फिरविल्या की एक पैसा, आणि तोही मागावरच्या सहकाऱ्यांत वाटून घ्यावयाचा.

दाग : शिक्का, कर आणि कर्ज

अफगाण अमलात, हाजी करीम दाद खान हा सुभेदार असताना (१७७६-१७८३), शालींवर कर बसविण्यात आला. पुढे ‘दाग-शाल’ या नावाचे स्वतंत्र खातेच उभे राहिले. मागावरच्या शालीची नोंद व्हावयाची, तिची किंमत ठरावयाची, कर भरला की शिक्का उमटावयाचा आणि शिक्क्याशिवाय शाल विकता यावयाची नाही, असा हा कारभार होता. राज्ये बदलली, अफगाण गेले, १८१९ मध्ये शिखांची सत्ता आली, १८४६ नंतर डोगरा राजवट आली. पण दाग-शालचे उत्पन्न कोणालाच सोडवेना.

करातून सुटण्यासाठी बाजाराने एक वाट काढली. १८०३ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या एका पेढीचा ख्वाजा युसूफ नावाचा आर्मेनियन प्रतिनिधी काश्मीरमध्ये आला. मागावर विणलेल्या नक्षीऐवजी साध्या शालीवर सुईने तीच नक्षी भरली तर ती पुष्कळ स्वस्त पडेल, हे त्याच्या ध्यानात आले. अली बाबा या कारागिराच्या मदतीने त्याने ‘अमलीकार’ शाल बाजारात आणली. तिचा खर्च विणलेल्या शालीच्या सुमारे एकतृतीयांश होता आणि सुरुवातीला तिच्यावर दागही नव्हता. सुईकाम करणाऱ्या शेकडो कारागिरांना यातून काम मिळाले. मात्र कराचा सगळा भार मागावरील विणकरावर तसाच राहिला.

शालीचे राजकीय मोल १६ मार्च १८४६ च्या अमृतसरच्या तहात दिसते. या तहाने ब्रिटिशांनी ७५ लाख नानकशाही रुपयांच्या बदल्यात काश्मीर महाराजा गुलाबसिंग यांच्या हवाली केले. त्यांचे वर्चस्व मान्य केल्याची खूण म्हणून महाराजांनी दरवर्षी एक घोडा, उत्तम जातीच्या बारा शाल-शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या द्याव्यात, असे कलम त्यात होते. शालीला तहात जागा मिळाली. ती विणणाऱ्याची संमती कोणी विचारली नाही.

डोगरा अमलात विणकरामागे ठरीव वार्षिक कर घेण्याची पद्धत रूढ झाली. माल खपो वा न खपो, विणकराच्या नावावर कर चढतच राही. कारखानदाराकडून उचल घेतलेला विणकर ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ शकत नसे. व्यवसाय सोडण्यास मनाई होती, परवानगीशिवाय खोऱ्याबाहेर पडण्यासही मनाई होती. भातासाठीसुद्धा त्याला सरकारी कोठारांवर अवलंबून राहावे लागे. तरीही माणसे निसटत. १८३३ च्या दुष्काळात पुष्कळ विणकर अमृतसर, लुधियाना, नूरपूर येथे जाऊन स्थायिक झाले होते. १८४७ मध्येही विणकरांनी काम बंद ठेवून लाहोरची वाट धरली. तेव्हा काही सवलती देऊन त्यांना परत आणावे लागले.

२९ एप्रिल १८६५

महाराजा रणबीरसिंग यांच्या कारकिर्दीत दाग-शालचा मक्ता राज काक धर यांच्याकडे होता. करवसुलीची सक्ती असह्य झाल्यावर २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरातील शालविणकर रस्त्यावर उतरले. झालडगर भागात त्यांचा जमाव जमला. त्यांच्याजवळ शस्त्रे नव्हती. राज काक धर यांचा पुतळा तिरडीवर ठेवून त्यांनी मिरवणूक काढली. जमाव हवेलीवर हल्ला करणार आहे, असे दरबाराला कळविण्यात आले आणि कर्नल बिजयसिंग यांच्या हाताखाली फौज पाठविण्यात आली. पांगण्याचा हुकूम विणकरांनी मानला नाही. फौजेने गोळ्या आणि भाले चालविले. पळू पाहणारे पुलावर कोंडले गेले, अनेक जण कुटकोल कालव्यात पडले. मृतांची संख्या किमान २८ सांगितली जाते. शेख रसूल आणि अब्ली बाबा या पुढाऱ्यांना कैदेत टाकून त्यांचा छळ करण्यात आला.

मे दिनाच्या इतिहासात शिकागोच्या १८८६ च्या घटनेचा उल्लेख भारतातील बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतो. झालडगरची घटना तिच्या २१ वर्षे आधीची आहे. यंत्रयुगातील गिरणी कामगारांच्या संघटना भारतात उभ्या राहण्यापूर्वी हातमागावरच्या माणसांनी मजुरी, कर आणि काम सोडण्याचे स्वातंत्र्य हे प्रश्न एकत्र मांडले होते. कामगार चळवळीच्या अभ्यासक्रमात या घटनेला तिचे स्थान मिळावयास हवे.

बाजार कोसळतो

नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर (१७९८-१८०१) फ्रान्समध्ये काश्मिरी शाल श्रीमंती पोशाखाचा भाग बनली होती. मागणी वाढली तशा नकलाही निघाल्या. इंग्लंडमधील नॉरिच, स्कॉटलंडमधील एडिंबरा व पेस्ली आणि फ्रान्समधील लियॉं येथे तशा शाली विणल्या जाऊ लागल्या. लियॉंच्या जाकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या मागात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी आपोआप विणली जाई. तालीम-गुरू, उस्ताद आणि विणकर यांच्यात वाटलेले काम आता पुठ्ठे करू लागले. मराठी माणूस ज्या आकृतीला कोयरी म्हणतो, ती काश्मिरी शालीवरची बुट्टी जगभर ‘पेस्ली’ या स्कॉटिश गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आकृतीचे नावसुद्धा ती घडविणाऱ्यांकडे राहिले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रेंच व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी श्रीनगरात राहून पॅरिसच्या पसंतीची नक्षी विणून घेत होते. एकाच बाजारावर असलेले हे अवलंबन घातक ठरले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो बाजार बसला, फॅशनही बदलली. पाठोपाठ १८७७-७९ चा भीषण दुष्काळ आला. शेतकऱ्याजवळ निदान जमीन होती. विणकराजवळ हाताच्या कौशल्याखेरीज काही नव्हते आणि त्या कौशल्याला गिऱ्हाईक उरले नव्हते. दुष्काळात शालविणकरांची वाताहत झाली. उरलेल्यांपैकी अनेकांनी गालिचे विणण्याचे काम पत्करले आणि तालीमही त्यांच्याबरोबर गालिच्याच्या मागावर गेली. कणी शालीचे काम श्रीनगर-गुलमर्ग मार्गालगतच्या कानिहामा व आसपासच्या मोजक्या घरांत टिकून राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथूनच त्याचे पुनरुज्जीवन झाले.

आजचा प्रश्न

२००८ मध्ये काश्मीर पश्मिना आणि कणी शाल यांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. काश्मीर पश्मिना म्हणवून घेण्यासाठी तंतू १६ मायक्रॉनपेक्षा जाड नसावा, सूत हाताने कातलेले असावे आणि वीण हातमागावरची असावी, अशा अटी आहेत. श्रीनगर येथे तपासणी करून शालीला प्रमाणपत्राची खूण लावण्याची सोय झाली आहे. एकेकाळी शिक्का करवसुलीसाठी उमटत असे, आता तो अस्सलपणाची हमी म्हणून लावला जातो. हा फरक मोठा आहे.

तथापि घराचा प्रश्न सुटलेला नाही. पश्माचा तंतू नाजूक असल्यामुळे यंत्रावर कातताना त्यात बहुधा नायलॉन मिसळावे लागते आणि विणून झाल्यावर ते आम्लाने विरघळवून काढले जाते. त्यामुळे कापडाचा कस कमी होतो, पण वेळ व खर्च वाचतो. अशा सुताशी हातकताईची स्पर्धा आहे. कातणाऱ्या स्त्रियांना दीर्घकाळ दहा तारांच्या एका गाठीमागे एक रुपया या हिशेबाने मजुरी मिळत राहिली. शालीची किंमत हजारांत आणि लाखांत गेली तरी येंदरवरचा हिशेब रुपयातच राहिला. परिणामी अनेक घरांतील मुलींनी येंदरकडे पाठ फिरविली. त्यांना दोष देता येणार नाही. अपुऱ्या मजुरीवर टिकविलेली परंपरा पुढच्या पिढीने का स्वीकारावी, याचे उत्तर परंपरेचा गौरव करणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.

महाविद्यालयात हस्तव्यवसायांचा इतिहास शिकविताना राजाश्रय, सौंदर्य आणि निर्यात यांच्याबरोबर आणखी तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतील : कौशल्य कोणाकडे होते, त्याचे लेखन कोणी केले आणि त्याचा पैसा कोणाकडे गेला. हे प्रश्न पैठणच्या पैठणीला, औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) हिमरूला आणि महेश्वरच्या साडीलाही तितकेच लागू आहेत. यांतील कोणत्याही गावच्या विणकरांच्या घरी विद्यार्थ्यांनी जाऊन मागावरच्या माणसांची, कातणाऱ्या व कांड्या भरणाऱ्या स्त्रियांची नावे, त्यांच्या कामाचे तास आणि मजुरी नोंदवून ठेवली, तर मूरक्रॉफ्टच्या वर्णनात राहून गेलेली नावे निदान यापुढच्या इतिहासात राहून जाणार नाहीत.